पिशवीतला श्वास

या, असे जवळ सरका. ते दार लोटून घ्या, दक्षिणेचा गार वारा आत येतोय. बाकावरचं मांजर उठवलंत तरी चालेल, तसंही ते कुणाचं ऐकत नाही. आज तुम्हाला लॉकलन मॅथिसनची गोष्ट सांगायची आहे. त्याचा श्वास कसा अडकला, कसा परत मिळाला, आणि परत मिळाला म्हणूनच त्याची जागा कशी गेली, ती. हसू आलं तर हसा. देवाच्या घरच्या गोष्टीला हसू नये असं आमच्या ग्लेनॉची खोऱ्यात पूर्वी म्हणत. ते म्हणणारे सगळे आता देवाकडेच गेलेत, आणि तिथे त्यांनाही ही ऐकून हसू आवरलं नसेल अशी माझी श्रद्धा आहे.

ग्लेनॉचीच्या चर्चमध्ये वाद्य म्हणून नव्हतं. ऑर्गन नाही, पेटी नाही, साधी घंटासुद्धा स्वयंपाकघरातली. स्तोत्रं गायची ती नुसत्या गळ्याने. पाळकसाहेबांच्या उंच व्यासपीठाखाली एक लाकडी कठडा होता, आत एकच माणूस मावेल एवढा. त्यात लॉकलन उभा राही. तो स्तोत्राची एक ओळ एकटा गाऊन देई, मग अख्खी मंडळी ती उचलून घेई. ती शेवटाला आली की लॉकलन त्यांच्या आवाजावर आपला आवाज चढवून पुढची ओळ देई. ऐकणाऱ्याला वाटावं, डोंगरच एकमेकांना हाका घालताहेत. मी गाणं पुष्कळ ऐकलं आहे, पण देव ऐकतो आहे असं वाटायला लावणारं ते तेवढंच.

लॉकलनच्या आधी त्या कठड्यात त्याचा बाप उभा राहायचा, त्याआधी आजा. हा माणूस उंचीने बेताचा, छाती मात्र पिंपासारखी. एका दमात ओळ आणि वर अर्धी ओळ असा त्याचा लौकिक होता. आठशे मेंढ्या, दोन घोडी, पोरंबाळं नसलेलं घर आणि एफी नावाची बायको, एवढा त्याचा प्रपंच. पण आठवड्याचे सहा दिवस त्याला त्या कठड्याच्या पायऱ्यांसारखेच वाटत. सोमवारी तो पहिली पायरी चढे आणि रविवारी अकरा वाजता आत उभा राही.

आता जिथे एक भक्त असतो तिथे दुसराही असतोच. आमच्या शाळेच्या मास्तरीणबाई मिस इसोबेल गन ह्यांची बारा वर्षांची मागणी होती, की चर्चमध्ये पायाने भाता मारायची एक पेटी असावी. मुलांना सूर सापडत नाही, म्हातारे सूर सोडत नाहीत, अशी त्यांची तक्रार. चर्चचा कारभार सात पंच पाहत, आणि दर वर्षी मतं पडत चार विरुद्ध तीन. चौथं मत लॉकलनचं.

"देवानं मातीच्या माणसात श्वास भरला तो स्वतः," लॉकलन पंचांपुढे म्हणायचा. "त्याला भाता लागला नाही. भात्यातला वारा तो वारा, श्वास नव्हे. वाऱ्याची स्तुती देवाला काय करायची?"

"मग तुमच्या चुलीला भाता आहे तो कशाला?" मिस गन विचारत.

"चूल प्रार्थना करत नाही, बाई."

झालं. पेटी पुढच्या वर्षावर.

आता शनिवारचं सांगतो, कारण सगळं तिथून सुरू होतं. खोऱ्यात प्रत्येक घरी आठवड्याला एक मेंढी घरच्या मटणासाठी पडायची. मॅथिसनांकडे ती शनिवारी संध्याकाळी पडे. कातडं काढा, धूड टांगा, आणि मग उरे ते काळीज न् फुप्फुस. ते मोठ्या हंड्यात तासभर उकळायचं आणि मगच कुत्र्यांना घालायचं, असा सरकारचा नियम कधीचाच आला होता. पण हंडा पेटवायचा, उकळायचा, निववायचा, घासायचा म्हणजे रविवार लागणार. आणि शब्बाथच्या, म्हणजे देवाने नेमलेल्या विसाव्याच्या दिवशी, मॅथिसनांच्या घरी काडीसुद्धा ओढली जात नसे. रविवारचे बटाटे शनिवारी सोलून ठेवलेले असत. तेव्हा लॉकलन ते सगळं कच्चंच कुत्र्यापुढे टाकी, हात पुसे आणि देवाची आज्ञा पाळल्याच्या समाधानाने झोपी जाई. तीस वर्षं.

शेजारच्या आर्ची बेनचं मात्र उलटं. तो मेंढी मारायचा शनिवारीच, पण हंडा चढवायचा निवांत रविवारी सकाळी. सगळे चर्चला निघाले की त्याच्या परसातून धूर वर जाताना दिसे. लॉकलन त्या धुराकडे बघे आणि मान फिरवी.

"आर्ची, वर उत्तर द्यावं लागेल," एकदा तो म्हणाला होता.

"देईन की. कुत्री भुकेली होती म्हणेन. देवसुद्धा मेंढपाळच ना? त्याला कळेल."

एकोणीसशे साठच्या मार्चमध्ये सरकारी माणूस आला. टिपेट त्याचं नाव. लोक त्याला जंत-साहेब म्हणत. नवा कायदा झाला होता. खोऱ्यातल्या प्रत्येक कुत्र्याला औषध पाजून त्याच्या पोटातलं बाहेर काढायचं आणि त्यात पट्टकृमी आहेत का ते तपासायचं. नदीकाठच्या कुरणात खुंट्या ठोकल्या, साखळ्या लावल्या, आणि बावन्न कुत्री एका रांगेत. प्रत्येक कुत्र्यामागे त्याचा मालक. ईस्टरच्या उपासनेलाही एवढी मंडळी जमली नव्हती, आणि एवढ्या गंभीर चेहऱ्याने तर मुळीच नाही.

कारण प्रत्येकाला ठाऊक होतं, आज कुत्र्याच्या पोटातून घरची अब्रू बाहेर पडणार आहे.

"टॅमचं तोंड का एवढं उतरलंय?" आर्चीने लॉकलनच्या कुत्र्याकडे बघत विचारलं.

"त्याला लोकांपुढे बसायची सवय नाही. तुझ्यांना आहे."

"माझ्यांना कसली लाज? ती शिजवलेलं खातात."

"रविवारी शिजवलेलं."

"ते त्यांना मी सांगितलेलं नाही," आर्ची म्हणाला.

औषध पाजलं. अर्ध्या तासात बावन्न कुत्र्यांनी जे करायचं ते केलं, आणि आपापल्या कुत्र्याच्या पाठीमागे टोपी काढून उभे राहिलेले आमचे पंच मी अजून विसरलेलो नाही. टिपेटसाहेब डबे गोळा करून गाडीत बसले. पाणी ओतत, गाळत, भिंगातून बघत. तासाभराने बाहेर आले आणि त्यांनी वहीतून एकच नाव वाचलं.

"टॅम. मालक कोण?"

"मी," लॉकलन म्हणाला.

"तिळाएवढे पट्टकृमी, साहेब. शेकड्यांनी. कच्चं काळीज-फुप्फुस घालता का ह्याला?"

खोटं बोलायला तिथे भरपूर जागा होती. पण लॉकलन जन्मात खोटं बोललेला नव्हता, आणि त्या वयात सुरुवात करायला त्याला सुचलं नाही.

"घालतो. दर शनिवारी."

"उकळत का नाही?"

"उकळत बसलो तर शब्बाथ लागतो."

टिपेटसाहेबांनी वही मिटली. मग म्हणाले, "मॅथिसनसाहेब, जंताला वार कळत नाही. मेंढीच्या फुप्फुसात पाण्याची गाठ असते. ती कुत्र्यानं कच्ची खाल्ली की त्याच्या पोटात कृमी होतात. कृमीची अंडी कुत्र्याच्या केसांत, केसांवरून तुमच्या हातात, हातावरून पावात. आणि माणसाच्या अंगात गेली की पुन्हा गाठ. घरात कुणाला खोकला आहे?"

लॉकलनला त्याच क्षणी खोकला आला. तो वर्षभर येतच होता. मेंढ्यांच्या वाड्यातली धूळ, असं तो म्हणत असे.

"माझी कुत्री साफ निघाली," आर्ची कुणालातरी हळूच सांगत होता, पण त्याचं हळू आख्ख्या कुरणाला ऐकू जायचं. "नरकात जाईन, पण साहेबांच्या हिरव्या दाखल्यावर सही-शिक्का घेऊन जाईन."

घरी येताना एफी गाडीत लॉकलनच्या शेजारी होती. पुलाजवळ तिने तोंड उघडलं.

"लॉकलन, मेंढी शुक्रवारी मारली असती तर?"

"काय?"

"शुक्रवारी मारायची. शनिवारी दिवसभर उकळायचं. रविवार मोकळा."

लॉकलनने घोडीचा लगाम खेचला. गाडी पुलावर उभी राहिली. खालून पाणी जात होतं.

"बाबा शनिवारी मारायचे," शेवटी तो म्हणाला.

"ते मलाही ठाऊक आहे," एफी म्हणाली. "चल आता."

टॅमला पुन्हा औषध मिळालं, सहा आठवडे साखळी मिळाली, आणि तो मोकळा झाला. कुत्र्याचं सोपं असतं. लॉकलनला मात्र एक्स-रे काढायला लावलं. उजव्या फुप्फुसात खाली एक गोल पांढरी सावली निघाली, चांगल्या मोठ्या संत्र्याएवढी. त्या जंताची परीक्षा म्हणून दंडावर सुई टोचून बघितली तर तिथेही मोठी गांधी उठली. शंकेला जागा उरली नाही.

"किती जुनी असेल?" त्याने गावातल्या डॉक्टरांना विचारलं.

"दहा-पंधरा वर्षं सहज. हळूहळू वाढते. दर रविवारी तुमच्याबरोबर गायली असेल ती."

लॉकलनला हा विनोद आवडला नाही. आपल्या श्वासाच्या मुळाशी आपल्याच धर्माचरणातून काहीतरी पोसलं जात होतं, आणि आपण त्यावरून स्तोत्रं गात होतो, हे त्याच्या मनातून जाईना. देव आपली चेष्टा करतो असं त्याला कधी वाटलं नव्हतं. तो डनेडिन शहराला जाणाऱ्या गाडीत बसला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

तिथल्या मोठ्या इस्पितळात शल्यविशारद होते मिस्टर हॅलोरन. हातांनी कसायासारखे, बोलण्यात गरीब, आणि गळ्यात क्रूस. म्हणजे पोपच्या मंडळीतले, ज्यांच्याशी आमच्या चर्चचं पिढ्यानपिढ्या वाकडं. लॉकलनने डोळे झाकून घेतले, पण ऐकायचं सोडलं नाही.

"दोन रस्ते आहेत," हॅलोरन म्हणाले. "एक, फुप्फुसाचा तो खालचा भागच गाठीसकट कापून टाकायचा. त्यात धोका कमी. पण दम निम्म्यावर येईल."

"निम्म्या दमात गाता येईल?"

"बोलता येईल."

"दुसरा?"

"गाठ तेवढी अखंड बाहेर काढायची. फुप्फुस राहील. पण गाठीचं कवच अंड्याच्या आतल्या पापुद्र्याएवढं असतं. फुटली आणि पाणी सांडलं तर माणूस तिथल्या तिथे जाऊ शकतो. वाचला तर जिथे थेंब पडेल तिथे नवी गाठ."

"मला दुसरा," लॉकलन म्हणाला.

"विचार करा."

"केला. मला बोलायचं काही नसतं. मला गायचं असतं."

दुसऱ्या दिवशी एक बुटकी, चाळिशीची बाई त्याच्या खाटेजवळ येऊन बसली. पांढरा कोट, थंड हात, हातात सेकंदकाट्याचं घड्याळ. भूल देणाऱ्या डॉक्टर, विनिफ्रेड पास्को.

"गाता म्हणे तुम्ही."

"देवासाठी गातो."

"आज घड्याळासाठी गा. एक दम, तुटेपर्यंत. मला तुमचं फुप्फुस किती उरलंय ते बघायचंय."

लॉकलन उठून बसला. त्याने एक ओळ घेतली. खोलीत अठरा खाटा होत्या. आमच्यासारख्याच डोंगरातली माणसं, कुणाची बरगडी मोडलेली, कुणाचं पोट फाडलेलं. ओळ संपायच्या आत त्याचा दम तुटला. पण तोवर खिडकीजवळच्या म्हाताऱ्याने ती उचलली होती, मग आणखी दोघांनी. परिचारिका भांडं घेऊन दारात तशीच उभी राहिली.

"एकोणीस सेकंद," पास्कोबाईंनी वहीत लिहिलं. त्यांनी गाण्याबद्दल चकार शब्द काढला नाही. "आता ऐका. छाती उघडली की तुमचा श्वास तुमच्या ताब्यात राहत नाही. घशात नळी, नळीला रबराची पिशवी, पिशवीवर माझा हात. मी दाबेन तेव्हा तुम्ही श्वास घ्याल. मिस्टर हॅलोरन गाठीवरच्या फुप्फुसाला चीर देतील आणि हात मागे घेतील. गाठीला कुणी शिवायचं नाही. मी पिशवी हळूहळू दाबत जाईन, तुमचं फुप्फुस फुगेल आणि तेच गाठीला बाहेर ढकलेल. कोंबडी अंडं घालते तसं."

लॉकलनने चादरीवर मूठ मिटून उघडून पाहिली.

"म्हणजे भाता," तो म्हणाला.

"हो. भाताच म्हणा."

"त्याच्याशिवाय नाही होत?"

"पहिल्या रस्त्यालाही पिशवी लागतेच. पिशवीशिवाय उघड्या छातीचा माणूस चार-पाच मिनिटं जगतो."

"तुम्ही कुठल्या मंडळीच्या?"

"मेथडिस्ट."

"पेटी असेल तुमच्याकडे."

"मोठा ऑर्गन आहे. वाजतो बरा की वाईट ते मला विचारू नका. मला सूर कळत नाही, मिस्टर मॅथिसन. मला दाब कळतो."

त्या गेल्यावर लॉकलन भिंतीकडे तोंड करून पडला. दुपारी एफी आली, हातात घरचा केक आणि तोंडात बातम्या.

"पेटी आली," ती बसता बसता म्हणाली.

"कुठे?"

"चर्चमध्ये. तू नाहीस, ओळ कोण देणार? मागच्या रविवारी एवन रॉसनं प्रयत्न केला. पहिलीच ओळ इतकी वर घेतली की बायकांनासुद्धा पोचेना. शेवटी पाळकसाहेबांनी स्तोत्र वाचून दाखवलं. मग मिस गननी पेटी आणवली. तात्पुरती म्हणून."

"किती तात्पुरती?"

"चाकं नाहीत तिला," एफी म्हणाली.

मग लॉकलनने तिला पिशवीचं सांगितलं. सांगताना त्याचा आवाज इतका खाली गेला, की ती जवळ सरकली. त्याचं म्हणणं असं होतं, की ज्या गोष्टीला आपण बारा वर्षं देवाच्या दारात उभं केलं नाही तिच्याच दारात आता आपण भीक मागायची, हे बरं दिसत नाही. घरी परत जावं. जेवढे दिवस दम आहे तेवढे दिवस आपल्या श्वासाने गावं.

एफीने केकचा तुकडा कापून त्याच्या हातात दिला.

"तू मेलास तर पेटी राहते," ती म्हणाली. "जगलास तर निदान भांडायला येशील."

लॉकलनने केक खाल्ला आणि परिचारिकेला हाक मारून कागदावर सही केली.

शस्त्रक्रिया मंगळवारी सकाळी झाली. त्याला काही कळलं नाही, पण नंतर हॅलोरननी सगळं सांगितलं, आणि ते त्याने आम्हाला इतक्यांदा सांगितलं की मी तिथे उभा होतो असं मला वाटतं. बरगड्यांमधून छाती उघडली. जखमेच्या चहूबाजूंनी मिठाच्या कडक पाण्यात भिजवलेली फडकी पसरली, थेंब उडालाच तर जागीच मरावा म्हणून. फुप्फुसावर एके ठिकाणी पांढुरकी टेकडी दिसत होती. हॅलोरननी तिच्यावर बारीक चीर दिली, हत्यार ठेवलं आणि दोन्ही हात छातीशी धरले, प्रार्थनेला धरतात तसे.

"आता तुम्ही," ते म्हणाले.

पास्कोबाईंनी पिशवी दाबली. फुप्फुस फुगलं. चीर जराशी उघडली, आत मोत्यासारखं पांढरं काही चमकलं.

"थोडं अजून."

त्यांनी सोडलं, पुन्हा दाबलं. पांढरं वर आलं. हॅलोरननी खाली वाडगं धरलं.

"अजून. सावकाश. थांबा. अजून."

सगळ्या खोलीत तेवढाच एक श्वास चालला होता, आणि तो त्या बुटक्या बाईच्या मुठीत होता. मग ते पांढरं अर्धं बाहेर आलं, क्षणभर लोंबकळलं, आणि कुणीही न शिवता, न फुटता, कवच नसलेल्या अंड्यासारखं थरथरत वाडग्यात उतरलं. पोकळीत पाणी ओतून बाईंनी पुन्हा पिशवी दाबली. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर पाण्यात बुडवून शोधतात तसं, जिथून बुडबुडे आले तिथे हॅलोरननी टाके घातले. बुडबुडे थांबले. छाती शिवली.

दहा दिवसांनी पास्कोबाई घड्याळ घेऊन आल्या. चौदा सेकंद. तीन आठवड्यांनी बावीस. निघायच्या दिवशी लॉकलनने ओळ आणि वर अर्धी ओळ घेतली. बाईंनी आकडा लिहिला, घड्याळ खिशात टाकलं.

"तुमचं काही देणं लागतो मी," लॉकलन म्हणाला.

"मोठा श्वास घ्या रोज. खोलवर," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

जून महिन्यात, आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, तो घरी आला. डोंगरांवर बर्फ होतं. येताच त्याला पंचांनी निरोप धाडला: गुरुवारी सभा, विषय पेटी. तीन मतं पेटीची, तीन विरुद्ध, आणि सातवा माणूस श्वास घेऊन परत आलेला. गुरुवारी पंच एवन रॉस त्याला चर्चच्या दारातच भेटला आणि त्याने त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

"आलास, बरं झालं. एकदा नाही म्हण आणि रविवारी कठड्यात उभा राहा. माझ्या घशाची पार वाट लागली."

"तुझ्या घशाची नाही लागली," दुसरा पंच म्हणाला, "आमच्या कानांची लागली."

मिस गन कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी भांडायची तयारीही केली नव्हती. पेटी परत न्यायला एक गाडी त्यांनी शनिवारसाठी सांगूनच ठेवली होती.

लॉकलन उभा राहिला. कठडा त्याच्या समोरच होता, दार उघडं. एक शब्द बोलायचा होता, तो बारा वर्षं बोललेलाच शब्द होता. इस्पितळात पिशवीने काय केलं हे पंचांना ठाऊक नव्हतं. एफीला ठाऊक होतं, आणि एफी कधी पंचांपुढे बोलत नसे. तो गप्प बसला असता तर कुणाला कळलंही नसतं.

"मी म्हणत असे, भात्यातला वारा तो श्वास नव्हे," तो म्हणाला. "मंगळवारी, एप्रिलच्या सव्वीसला, दोन तास मी स्वतः श्वास घेतला नाही. एका बाईनं रबराची पिशवी दाबली आणि तो माझ्यात गेला. त्यानंच गाठ बाहेर ढकलली. आत्ता बोलतोय तो श्वास त्याच्याच पुढचा आहे. कुठे वारा संपला आणि कुठे श्वास सुरू झाला, मला सांगता येत नाही. म्हणून मला नाही म्हणता येत नाही."

तो बसला. एवन रॉसने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. मतं पडली. पेटी राहिली.

आणि पेटी राहिली म्हणजे ओळ देणारा कशाला हवा? सूर पेटी देणार, शब्द पुस्तकात. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पेटीला जागा कमी पडत होती म्हणून सुताराने कठडा उचकटला, आणि लाकूड चांगलं म्हणून त्याचं पुस्तकांसाठी फडताळ केलं. ज्या आवाजासाठी लॉकलनने छाती फाडून घेतली, तो आवाज घेऊन तो आता रविवारी तिसऱ्या बाकावर बसू लागला, एफीच्या शेजारी.

पहिल्या रविवारी मी त्याच्या मागच्याच बाकावर होतो. पाळकसाहेबांनी आभाराची प्रार्थना केली. देवाचे आभार मानले, शल्यविशारदांचे मानले, सरकारचे मानले, आणि बरंच थांबून टिपेटसाहेबांच्या कामाला आशीर्वाद मागितला. मग मिस गननी भाता मारला, पेटीने सूर धरला, आणि मंडळी उठली. लॉकलनही उठला. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच तो कुणाच्या पुढे गात नव्हता आणि कुणी त्याच्या मागून ओळ उचलत नव्हतं. सगळे आजूबाजूला होते.

दुसऱ्या ओळीवर त्याने मान वळवली. माझ्या लक्षात आलं. तो एफीकडे बघत होता.

एफी गात होती. डोळे मिटून, हनुवटी वर करून, पेटीच्या सुरापासून चांगली अर्धी पट्टी खाली, आणि अगदी ठामपणे. इतकी वर्षं तो कठड्यात पुढे आणि ती तिसऱ्या बाकावर, दीडशे गळ्यांच्या आत. त्याला ती कधी ऐकूच आली नव्हती. खोऱ्यातला सगळ्यात सच्च्या सुराचा माणूस एका बेसूर बाईबरोबर एकतीस वर्षं जेवला होता, झोपला होता, आणि त्याला पत्ता नव्हता. आम्हाला मात्र सगळ्यांना होता.

तो क्षणभर थांबला. मग त्याने पुढचा श्वास घेतला, खोलवर, आणि पेटीला सोडून तिच्या अर्ध्या पट्टी खालच्या सुराला जाऊन मिळाला. आता दोघंही बेसूर. मिस गननी पेटीवरून मान वळवून बघितलं आणि त्या भाता मारत राहिल्या.

बाहेर आल्यावर एफीने हातमोजे घालता घालता विचारलं, "आज शेजारी होतास. ऐकू आले असेन."

"आलीस."

"मग? कशी गाते?"

आम्ही तिघं-चौघं जवळ होतो. आर्ची बेनही होता. पेटी आल्यापासून तो चर्चला येऊ लागला होता, आणि त्याचा हंडा आता शनिवारीच चढत असे. सगळ्यांनी कान टवकारले. जन्मात खोटं न बोललेला माणूस बर्फाच्या डोंगरांकडे बघत उभा राहिला.

"तुझा दम माझ्यापेक्षा मोठा आहे," लॉकलन म्हणाला.

ते खरंच होतं. एफी हसली आणि तिने त्याच्या दंडात हात घातला.

तर मंडळी, गोष्ट एवढीच. त्या दिवशीच्या प्रार्थनेत सगळ्यांची नावं आली, एक तेवढं राहून गेलं. लॉकलनला ते घरी पोचल्यावर उमगलं, तोवर उपासना संपली होती. आता लॉकलन नाही, एफी नाही. म्हणून ते काम मी तुमच्यावर सोपवतो. कधी कुठे गाताना लांब ओळ घ्याल आणि दम शेवटपर्यंत पुरेल, तेव्हा डॉक्टर विनिफ्रेड पास्कोंची आठवण काढा. त्यांना सूर कळत नव्हता.